झाकण उघडायचं नाही

माझी वहिनी एका मोठ्या पावाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कामाला होती, हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती तिथे नेमकं काय करायची, हे मात्र आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. गल्ली तिला पाववहिनी म्हणायची आणि वहिनी ते नाव मिरवायची.

खरं म्हणजे ती कापणीच्या यंत्रावर होती. भट्टीतून निघालेले पाव सरकत्या पट्ट्यावरून दोनशे फूट लांब, पंख्यांखालून गार होत होत तिच्याकडे यायचे. ती बटण दाबायची, पाती खाली यायची, एका पावाचे सोळा तुकडे व्हायचे. बटण, सोळा तुकडे, बटण, सोळा तुकडे. गरम पाव पात्यांना चिकटतो, म्हणून तो गार करूनच तिच्याकडे पाठवायचा नियम होता. एकोणीस वर्षांत तिच्या हातात एकदाही गरम पाव आला नव्हता. मग कारखाना बंद पडला आणि वहिनी घरी बसली. घरी बसली म्हणजे माझ्यासमोर बसली. मी शिवणकाम करते, माझं मशीन बाहेरच्या खोलीतच आहे. पाच महिने ती माझ्यासमोर बसून कपड्यांची बटणं लावत होती आणि प्रत्येक बटण लावताना सुस्कारा टाकत होती.

त्या मंगळवारी सकाळी ग्रंथपालबाई आपला झगा न्यायला आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं वाचनालय आहे. छत गळत होतं म्हणून ते आठ महिने बंद होतं, आणि शनिवारी दुपारी चार वाजता पुन्हा उघडणार होतं. बाई कडक. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर माणसाला कानाला धरून बाहेर काढतील अशा. झगा घडी करता करता त्या वहिनीला म्हणाल्या, "शनिवारी साठेक माणसं येतील. चहाबरोबर काहीतरी ताजं हवं. तुम्ही तर पाववाल्या. साठ छोटे पाव जमतील तुम्हाला?"

मी मशीनवरून मान वर केली. वहिनी नाही म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

"जमतील की," वहिनी म्हणाली. "न जमायला काय झालं?"

ग्रंथपालबाई गेल्या. दार लागलं. मी वहिनीकडे बघितलं, वहिनी भिंतीकडे बघत होती.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी म्हटलं. "अगं, तू आयुष्यात एक पाव भाजला आहेस का?"

"नाही."

"आपल्याकडे भट्टी आहे? ओव्हन आहे?"

"नाही." मग ती एकदम वळली. तिचे डोळे असे चमकत होते की पाच महिन्यांत मी ते तसे पाहिले नव्हते. "पण ती शेगडी आहे ना! तुझ्या दादांनी आणलेली!"

दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, यावरून त्याची रोज थट्टा होते. दोन वर्षांपूर्वी त्याने सहलीला न्यायला म्हणून एक छोटी कोळशाची शेगडी आणली होती. तीन आखूड पाय, गोल पोट, वर जाळी, त्यावर घुमटासारखं झाकण. पोटाला एक आणि झाकणाला एक, अशी हवेची दोन भोकं आणि त्यांवर सरकणाऱ्या चकत्या. एका हाताने उचलून नेता येईल एवढी. ती दोनदा वापरली आणि मग माळ्यावर गेली ती गेलीच. वहिनी स्टुलावर चढून ती काढायलाही लागली होती. धुळीने दोघींना शिंका आल्या.

कोळशाचा धूर आणि त्यातला विषारी वायू बंद घरात नको, म्हणून शेगडी गच्चीवर न्यायची हे तिने लगेच ठरवलं. दुपारी एकपर्यंत आम्ही यीस्टच्या पाकिटावरची कृती तीनदा वाचली, मैदा भिजवला, मळला, फुगायला ठेवला. पीठ फुगलं तेव्हा वहिनीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं. "बघ! बघ कसं वर आलंय!" जणू तिला नातू झाला होता.

मग गच्ची. कोळसा पेटवला, जाळीवर पत्र्याचं ताट ठेवलं, त्यात नऊ गोळे, वर झाकण. बारा मिनिटांनी वास आला. पावाचा नव्हे, जळक्याचा. झाकण उघडलं तर पाव वरून पांढरेफटक, आणि खालून कोळसा कुठला नि पाव कुठला हे ओळखू येईना. वहिनीने एक मोडून पाहिला. मधे कच्चं पीठ दोऱ्यासारखं ताणलं गेलं.

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने तो पाव नाकाशी नेला. "मधला एवढा एक थर," नखाएवढी जागा दाखवत ती म्हणाली, "हा बघ, हा बरोबर भाजलाय. म्हणजे होतं! फक्त हे नखाएवढं वाढवायचंय."

संध्याकाळपर्यंत आम्ही आणखी दोन घाणे जाळले. दादा कामावरून आला, गच्चीवर चढला, काळे गोळे बघून म्हणाला, "हे वाचनालयात देणार? लोक पेपरवेट म्हणून ठेवतील."

"हसा," वहिनी म्हणाली. "शनिवारी मागायला याल ना, तेव्हा बघते."

बुधवारी सकाळी ती म्हणाली, "चल, भट्टीकाकांकडे जाऊ."

ते कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर होते. पट्ट्याच्या त्या टोकाला काका, या टोकाला वहिनी. दोघांचं उभं वैर. काका म्हणायचे, मी पोटच्या पोरासारखे पाव पाठवतो आणि ती बाई त्यांचा चेंदामेंदा करते. त्यांनी वहिनीला 'करवत' असं नाव पाडलं होतं. वहिनी त्यांना पाठीमागे काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता काका दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचा माणूस धुरकट दिसायचा. पण वहिनीने दारातून नुसतं "काका" म्हटलं आणि ते ताठ झाले.

"करवत!"

"हो, मीच. मदत मागायला आलेय."

"कशाला? पाव कापायला?"

"भाजायला."

मग वहिनीने सगळं सांगितलं, शनिवारसकट आणि थापेसकट. काका ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, कोळशातलं मला ओ की ठो कळत नाही. मी तीस वर्षं चाव्या फिरवल्या. काटा इथून तिथे नेला की आच वाढायची. चूल कधी पेटवली नाही."

वहिनी उठली. "बरं. म्हणजे आपण दोघंही सारखेच. येते मी."

"बसा हो!" काका ओरडले. "नाही म्हणालो का मी? काठी कुठे आहे माझी?"

चार मजले चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले आणि प्रत्येक मजल्यावर दादाच्या धंद्याची चौकशी केली. गच्चीवर पोचल्यावर त्यांनी शेगडीभोवती हात फिरवला, जसा डॉक्टर पोट तपासतो. झाकण चाचपलं, भोकं चाचपली, ताटाखाली बोटं घातली.

"आमच्या भट्टीत आच खालून लागत नव्हती," ते म्हणाले. "सगळीकडून फिरायची. इथे ती खालून सरळ ताटाला डसते. तिला फिरवायला हवं. कोळसा मधे कशाला ठेवता?"

वहिनीने एकदम कपाळावर हात मारला. चिमट्याने तिने निखारे दोन्ही बाजूंना सारले, मधे वीतभर जागा मोकळी ठेवली. आता ताटाखाली निखारा नव्हता. तरी पत्रा फार तापू नये म्हणून मी न्हाणीघरातली उरलेली एक फरशी आणून खाली ठेवली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पाच मिनिटांनी फरशी बंदुकीच्या बारासारखी फुटली. झाकण दणाणलं, काकांनी काठी उगारली, आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई खिडकीतून ओरडल्या, "कुणाला लागलंय का?"

"नाही!" आम्ही तिघंही ओरडलो.

दादा त्या दिवशी लवकर आला होता. तो खाली गेला आणि आपल्या हत्यारांच्या पेटीतून साधे लोखंडी नट घेऊन आला, लिफ्टला लागतात तसे जाडजूड. "एका ताटावर हे चार ठेव," तो वहिनीला म्हणाला, "वर दुसरं ताट. मधे हवा राहील. हवा आच अडवते." मग घसा खाकरून, "मी काही तुझ्या पावाला चांगलं म्हटलेलं नाही. यंत्राचं सांगतोय."

शेगडी किती तापली हे कसं कळणार? काका म्हणाले, भोकावर हात धरा आणि सोसवेल तोवर आकडे मोजा. वहिनी नऊपर्यंत गेली. मी पाचला किंचाळले. काका अकरापर्यंत जाऊन वर म्हणाले, "गारच आहे." तीस वर्षं भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाचा हात कसलं मोजमाप देणार! तेव्हा वहिनीने वेगळी युक्ती काढली. रिकाम्या ताटात चिमूटभर मैदा टाकायचा आणि झाकण लावायचं. तीन मिनिटांत मैदा बदामी झाला तर शेगडी तयार. काळा झाला तर खालचं भोक अर्धं बंद. पांढराच राहिला तर दोन निखारे आणखी. ही युक्ती एकदम लागू पडली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता चिमूट बदामी झाली. वहिनीने नऊ गोळ्यांचं ताट आत ठेवलं, झाकण लावलं. काका पालथ्या बादलीवर बसले, नाक झाकणाच्या दिशेने.

सात मिनिटांनी वहिनीचा हात झाकणाकडे गेला.

"उघडायचं नाही!"

"फक्त बघते."

"बघायला डोळे लागतात, वासाला नाक लागतं. एकदा उघडलंत की सगळी आच उडून जाते. मग पुन्हा तापेपर्यंत पाव बसतो. झाकण उघडायचं नाही!"

वहिनी हात मागे बांधून उभी राहिली. मग येरझाऱ्या घालू लागली. मग माझा दंड धरला. तिची नखं माझ्या दंडात रुतली. पंधराव्या मिनिटाला वास आला, आणि तो बदलत गेला: आधी ओल्या पिठाचा, मग गोडसर, मग असा काही की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काकांनी मान वर केली. "आता. ताट अर्धं फिरवा, पटकन, आणि परत झाका." फिरवलं. आणखी सहा मिनिटं. "काढा."

वहिनीने झाकण उघडलं.

नऊ पाव एकमेकांना चिकटून वर आले होते. पाठी तपकिरी, चकचकीत. तिने फडक्याने एक उचलला, उलटा करून बोटाने ठोकला. पोकळ, टणटणीत आवाज आला. काका म्हणाले, "ऐकलंत? हा पाव बोलला." वहिनीने फडकं टाकून दिलं, तो गरम पाव नुसत्या हातात घेतला, चटका बसला तरी सोडला नाही, आणि गालाला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"एवढा गरम असतो?" ती म्हणाली. "काका, पाव एवढा गरम असतो?"

काकांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तू कधी हातात घेतलाच नव्हतास, नाही का गं?" आणि त्या दिवसापासून ते तिला अहो-जाहो करेनासे झाले.

त्या पावावरच त्यांचं जुनं भांडण निघालं, आणि मिटलंही. वहिनी म्हणाली, तुम्ही घाईच्या दिवशी पट्टा जोरात सोडायचात, पाव आतून कोमट असतानाच माझ्याकडे यायचे, म्हणून चेंबायचे. काका म्हणाले, पट्ट्याचा वेग माझ्या हातात नव्हता, तो वरच्या साहेबाच्या हातात होता. मग दोघांनी मिळून त्या साहेबाला इतक्या शिव्या घातल्या की मला मध्ये पडून लोण्याचा डबा पुढे करावा लागला.

शुक्रवारी हिशेब मांडला. एका वेळी नऊ पाव. साठ पावांना सात घाणे. घाण्याला पंचवीस मिनिटं, मधे निखारे नवे करायला पंधरा. म्हणजे जवळजवळ पाच तास. सकाळी दहाला सुरू केलं तर तीनला संपेल, एक तास हातात. पीठ तीन वेळा वेगवेगळं भिजवायचं, म्हणजे शेवटचं फुगून आंबणार नाही. मी माझ्या खडूने गच्चीच्या भिंतीवर वेळापत्रक लिहिलं. जवळ पाण्याची एक बादली आणि वाळूची एक बादली ठेवली. आता काय चुकणार?

शनिवारी वारा सुटला.

पहिले तीन घाणे झकास झाले. पण वारा खालच्या भोकातून आत शिरत होता आणि निखारे भराभर खात होता. चिमूटभर मैदा दोन मिनिटांत काळा होई. भोक बंद करावं तर आच पडे. दादाने पत्र्याचा आडोसा धरला आणि तो धरून तासभर पुतळ्यासारखा उभा राहिला. पाचव्या घाण्याला कोळशाची पिशवी तळाला गेली.

"पळा!" वहिनी म्हणाली.

दादा पळाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोतं खांद्यावर टाकून चार मजले चढून आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पोतं सोडलं आणि काकांनी नाक मुरडलं. "ओला आहे हा. शेगडीत घालू नका, सगळ्या पावांना धुराचा वास लागेल. बाहेर पेटवा, धूर जाऊ द्या, निखारा झाला की मग आत."

एका जुन्या पत्र्याच्या बादलीत आम्ही कोपऱ्यात तो कोळसा पेटवला. आणि काय धूर झाला म्हणता! पिवळट पांढरा, दाट, वाऱ्याबरोबर गच्चीवरून गल्लीवर, गल्लीवरून चौकात. सहावा घाणा शेगडीत होता, जुन्या शेवटच्या निखाऱ्यांवर. तीन वाजून पाच मिनिटं. आणि खालून घंटा ऐकू आली. ठणठण, ठणठण. मी कठड्यावरून वाकले.

"वहिनी, बंब आलाय."

"कुणाकडे?"

"आपल्याकडे!"

जिन्यात बुटांचे आवाज आले. गच्चीचं दार धाडकन उघडलं आणि शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड साहेब आत आला, मागे दोन जवान, एकाच्या खांद्यावर पाइप. साहेबाने बादली पाहिली, शेगडी पाहिली, पिठाने माखलेली वहिनी पाहिली, बादलीवर बसलेले काका पाहिले, पत्रा धरलेला दादा पाहिला.

"काय चाललंय इथे?"

"पाव," वहिनी म्हणाली.

"आग विझवा ही. ते झाकण काढा."

एक जवान शेगडीकडे सरकला आणि वहिनी त्याच्या आडवी उभी राहिली. पाच फुटांची बाई, हातात चिमटा. "साहेब, आग बघायची तर जरूर बघा. धूर त्या बादलीचा आहे, ती वाटेल तिथे न्या, त्यावर पाणी ओता. पण ह्या झाकणाला अकरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही!"

"नऊ," काका म्हणाले. "वारा आहे."

"नऊ मिनिटं!"

साहेब तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने गच्चीभर फेरी मारली. आम्ही तयार ठेवलेल्या पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्यांकडे बघून त्याने मान हलवली. पण धुराची बादली आम्ही प्लास्टिकच्या टाकीच्या अगदी जवळ ठेवली होती, त्यावरून त्याने आम्हाला चांगलं फैलावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं. ती बादली जवानांनी मधे आणली. दोरीवरचे कपडे मला काढायला लावले. "ओला कोळसा असा पेटवतात का? उद्या वाऱ्याने ठिणगी कुणाच्या पडद्यावर गेली म्हणजे?" वहिनी मान खाली घालून "चुकलं साहेब, चुकलं साहेब" म्हणत होती आणि तिरप्या डोळ्याने घड्याळ बघत होती.

"आता," काका म्हणाले.

तिने झाकण उचललं. वाफ वर गेली. नऊ पाव, सोन्यासारखे. साहेब बोलता बोलता थांबला. पाइपवाल्या जवानाने आवंढा गिळला, तो मला ऐकू आला.

"किती व्हायचेत अजून?" साहेबाने विचारलं. आवाज एकदम मऊ.

"एक घाणा. चार वाजता वाचनालयात द्यायचेत."

साहेबाने बादलीत डोकावून पाहिलं. धूर सरला होता, निखारे राखाडी, लाल झाले होते. त्याने स्वतः वहिनीच्या हातातला चिमटा घेतला आणि एकेक निखारा मोजून शेगडीच्या दोन बाजूंना मांडला. "विस्तवातलं आम्हालाही थोडं कळतं," तो म्हणाला. मग पाइपवाल्याला म्हणाला, "आगीची वर्दी खोटी होती म्हणून कळव. आणि ती ताटं खाली न्यायला हात लाव."

वहिनीने तिघांना एकेक पाव दिला. साहेबाने तो दोन घासांत संपवला आणि बोटं चाटली. म्हणजे आमचे त्रेसष्टचे साठ झाले, बरोब्बर.

शेवटचा घाणा चार वाजून दहा मिनिटांनी निघाला. आम्ही ताट घेऊन धावत सुटलो. दादाने काकांना जवळजवळ उचलूनच खाली आणलं. सगळी गल्ली दारात उभी होती. बंब का आला हे कळायला, आणि वास कसला येतोय हेही कळायला. वाचनालयात भाषणं चालू होती. छत दुरुस्त करणारे ठेकेदार उठून इतकं लांबलचक बोलले की आमचा उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही; मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ते बसले आणि आमचं ताट टेबलावर ठेवलं गेलं, वाफेसकट.

ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या. "आजचे पाव आपल्या पाववहिनींनी केले आहेत. एकोणीस वर्षं त्यांनी कारखान्यात पाव भाजले. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या झाल्या. वहिनी उठली. केसांत मैदा, गालावर काजळीचा पट्टा. मी तिला खुणेने सांगत होते, नुसतं आभार मान आणि बस. ती काकांकडे बघत होती.

"मी एकोणीस वर्षं पाव कापले," ती म्हणाली. "भाजला एकही नाही. भाजणारे हे बसलेत. मी पहिला पाव भाजला तो परवा, गुरुवारी, गच्चीवर, ह्यांच्या नाकाच्या भरवशावर आणि माझ्या नवऱ्याच्या नटांवर. मंगळवारी बाईंना हो म्हटलं तेव्हा मला काहीही येत नव्हतं."

ग्रंथपालबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "मग हो का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," वहिनी म्हणाली. "एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, पाव करशील का."

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी ताटातला एक पाव उचलला, मोडला, वाफ निघाली, आणि त्या कडक बाईने, पुस्तकांच्या कपाटाला टेकून, उभ्या उभ्या तो सगळा खाल्ला. कुरकुरीत तुकडे पुस्तकांवर पडले तरी त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर कुणाला बोलवावं लागलं नाही. ठेकेदारांनी दोन खिशात घातलेले मी स्वतः पाहिले. दहा मिनिटांत ताटं रिकामी. मला अर्धा मिळाला, तोही नर्सबाईंशी भांडून.

वहिनीला एकही मिळाला नाही. तिला त्याचं भानही नव्हतं. ती काकांना एकेका माणसाचा चेहरा सांगत होती: हा डोळे मिटून खातोय, ती बाई बोटाने चुरा टिपतेय, तो म्हातारा दुसरा मागतोय. काका मान डोलवत ऐकत होते.

याला आता सात महिने झाले. वहिनी दर शनिवारी वाचनालयाला पाव देते, आणि बुधवारी निरनिराळ्या गोष्टी करून बघते. बिस्किटं तिला पहिल्या फटक्यात जमली. केकने मात्र नाकी नऊ आणले. तीनदा मधोमध खड्डा पडला. तिसऱ्या वेळी तिने चिडून त्या खड्ड्यात शिजवलेली सफरचंदं ओतली, आणि आता लोक तोच खड्ड्याचा केक मागतात. अग्निशमन दलाच्या साहेबांनी मुलीच्या वाढदिवसाला मागवला आणि कोरड्या कोळशाचं एक पोतं सोबत पाठवलं.

काकांची एका डोळ्याची शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली. पट्टी निघाल्यावर ते मुलीबरोबर सरळ आमच्या गच्चीवर आले. वहिनीने नुकतंच ताट काढलं होतं. काका वाकले, एका डोळ्याने पाव निरखला, मग वहिनीला निरखलं. एवढी वर्षं एका छपराखाली असून त्यांनी तिला कधी जवळून पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, तू उंच असशील," ते म्हणाले.

"आणि पाव?"

"पाव एक मिनिट आधी काढायला हवा होता."

वहिनीने चिमटा कमरेला खोचला आणि त्यांना भांडायला खुर्ची दिली.